मुलार्ड ५-१० : दोन मोनो व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रकल्प नोंदी

९ जुलै २०२३

आराखडा आज कायम केला. दिवाणखान्यातल्या ८ ओहमच्या स्पीकरांना पुरेल असा, प्रत्येक वाहिनीला सुमारे १० वॅट देणारा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा आहे आणि त्यासाठी मुलार्ड या ब्रिटिश कंपनीने १९५० च्या दशकात हौशी बांधणाऱ्यांसाठी प्रसिद्ध केलेले ५-१० हे मंडल (सर्किट) मी निवडले आहे. पाच व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) आणि दहा वॅट, एवढाच त्या नावाचा अर्थ. ईएफ८६ पहिले वर्धन करतो, ईसीसी८३ चे दोन अर्धे संकेताची एक सुलट आणि एक उलट प्रत तयार करतात, ईएल८४ ची जोडी पुश-पुल पद्धतीने, म्हणजे एकीने ढकलावे आणि दुसरीने ओढावे तशी, ट्रान्सफॉर्मर चालवते आणि ईझेड८१ हा रेक्टिफायर (प्रवाह एकदिश करणारा व्हॉल्व्ह) सर्वांना उच्च दाब पुरवतो.

एकाच पेटीत दोन्ही वाहिन्या बसवण्याऐवजी दोन स्वतंत्र मोनो पेट्या करणार आहे. ईझेड८१ कडून जास्तीत जास्त १५० मिलिअँपिअर घेता येतात आणि एका वाहिनीलाच ८५ च्या आसपास लागतात. त्यामुळे एक रेक्टिफायर दोन्ही वाहिन्यांना पुरणार नाही, आणि मूळ रचना तर मोनोच आहे.

खर्चाची विभागणीही ठरवली. निम्म्याहून अधिक रक्कम ट्रान्सफॉर्मरवर जाईल. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा विषय निघाला की बहुतेक चर्चा काचेच्या नळीभोवती फिरते: कोणत्या कारखान्याची, कोणत्या काळातली, किती रुपयांची. माझे मत असे आहे की घरातल्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वर सर्वाधिक ठरतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरमुळे, आणि त्याखालोखाल मांडणीमुळे. हा प्रकल्प त्या मतानुसार बांधायचा आणि शेवटी मोजमापाने ते तपासायचे, असा बेत आहे.

१६ जुलै २०२३

आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे गणित पूर्ण झाले.

ईएल८४ च्या जोडीला अ‍ॅनोड ते अ‍ॅनोड (व्हॉल्व्हच्या एका धन टोकापासून दुसऱ्याच्या धन टोकापर्यंत) ८ हजार ओहमचा भार हवा आणि स्पीकर ८ ओहमचा आहे. म्हणजे रोधाचे गुणोत्तर १०००, आणि वेढ्यांचे त्याचे वर्गमूळ, साधारण ३१.६. प्रायमरीला (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळणीला) २५२० आणि सेकंडरीला (स्पीकरकडच्या गुंडाळणीला) ८० वेढे घेतले की ३१.५ मिळते, ते पुरेसे जवळ आहे.

वेढ्यांची संख्या मात्र केवळ गुणोत्तरावरून ठरत नाही. १० वॅटला ८ हजार ओहमवर सुमारे २८३ व्होल्ट येतात. वारंवारता जितकी कमी, तितके गाभ्यातले चुंबकीय प्रवाह-घनत्व अधिक. ९ चौरस सेंटिमीटरच्या गाभ्यावर २५२० वेढे घेतले तर ३० हर्ट्झला ते साधारण ०.९४ टेस्ला आणि २० हर्ट्झला १.४ टेस्ला होते. सीआरजीओ या खास सिलिकॉन पोलादाच्या स्टॅम्पिंगला, म्हणजे गाभ्याच्या पातळ पत्र्यांना, हे झेपते. साध्या स्टॅम्पिंगवर मात्र खालच्या सुरांत विकृती लवकर चढेल, म्हणून येथे तडजोड करायची नाही.

दुसरी अट इंडक्टन्सची, म्हणजे बदलत्या प्रवाहाला गुंडाळणी किती अडवते त्याची. २० हर्ट्झला प्रायमरीची प्रतिक्रिया भाराएवढी, म्हणजे ८ हजार ओहम राहायची असेल तर सुमारे ६४ हेन्री हवेत. वेढे वाढवले की इंडक्टन्स वाढतो, पण त्याबरोबर गळती इंडक्टन्स (दोन गुंडाळण्यांत सामाईक नसलेला भाग) आणि वेढ्यांमधली धारिताही वाढते, आणि वरच्या सुरांची वाट तीच अडवते. त्यामुळे खालच्या टोकाला लागणारे लोखंड आणि वरच्या टोकाला लागणारी गुंडाळणीची कारागिरी या दोन्ही गोष्टी एकाच वस्तूत एकत्र आणाव्या लागतात, आणि चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर महाग असतो तो याच कारणाने.

गळती कमी करण्याचा मार्ग म्हणजे प्रायमरी आणि सेकंडरी एकमेकींच्या मध्ये घालणे. प्रायमरीचे ६३० वेढ्यांचे चार भाग आणि त्यांच्या फटींत सेकंडरीचे ८० वेढ्यांचे तीन भाग, अशी सात थरांची रचना काढली आहे. सेकंडरीचे तिन्ही भाग समांतर जोडायचे असल्यामुळे त्यांतला एकही वेढा कमी-जास्त होऊन चालणार नाही, नाहीतर त्या भागांमध्येच प्रवाह फिरत राहील. प्रायमरीच्या एका अर्ध्यात पहिला आणि चौथा भाग, तर दुसऱ्यात दुसरा आणि तिसरा भाग घेतला आहे. बाहेरच्या थराचा वेढा लांब असतो, आणि या वाटणीमुळे दोन्ही अर्ध्यांचा तारेचा रोध जवळपास सारखा राहतो.

मध्यबिंदूपासून ५४० वेढ्यांवर प्रत्येक अर्ध्याला एक टॅप काढायचा आहे. अर्ध्याच्या १२६० वेढ्यांचे हे ४३ टक्के होतात. या टॅपला ईएल८४ चा स्क्रीन ग्रिड (व्हॉल्व्हमधली एक जाळी) जोडला की ती अल्ट्रालिनिअर जोडणी होते. स्क्रीनला आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या टॅपवरून अंशतः संकेत देण्याची कल्पना अ‍ॅलन ब्लमलाइन यांच्या १९३७ च्या पेटंटात आहे, आणि डेव्हिड हाफलर व हर्बर्ट केरोज यांनी १९५१ मध्ये ती हाय-फाय अ‍ॅम्प्लिफायरसाठी लोकप्रिय केली. पेंटोडची (पाच विद्युदग्रांच्या व्हॉल्व्हची) ताकद बरीचशी राखून ट्रायोडसारखी (तीन विद्युदग्रांच्या व्हॉल्व्हसारखी) कमी विकृती आणि कमी अंतर्गत रोध मिळवणारी ही जोडणी मला आजही अतिशय बुद्धिमान वाटते.

५ ऑगस्ट २०२३

पुण्यातल्या पेठेत स्टॅबिलायझर आणि चार्जरचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्या एका अनुभवी कारागिरांकडे आराखडा घेऊन गेलो. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "साहेब, पूर्वी सिनेमाच्या अ‍ॅम्प्लिफायरचे असे बॉबिन आमच्याकडं यायचे, आता कुणी मागत नाही. पण वेळ लागेल, घाई करू नका." मी म्हटले, "काका, वेळ लागू द्या, फक्त वेढा मोजून हवा."

तीन गोष्टी त्यांच्याशी बोलून पक्क्या केल्या. प्रायमरी ३६ गेजच्या आणि सेकंडरी २२ गेजच्या इनॅमल तारेची, प्रत्येक भागानंतर पॉलिएस्टर फिल्म, आणि शेवटी वॉर्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवणे. स्टॅम्पिंग एकाआड एक उलटसुलट घालायच्या, मध्ये कागदाची फट ठेवायची नाही. एकाच व्हॉल्व्हच्या सिंगल-एंडेड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गाभ्यातून सतत एकदिश प्रवाह वाहतो आणि तेथे ही फट आवश्यक असते. पुश-पुलमध्ये दोन अर्ध्यांतले एकदिश प्रवाह परस्परविरुद्ध असल्याने गाभ्यात त्यांचा परिणाम जवळपास शून्य होतो, आणि फट नसल्यामुळे त्याच लोखंडातून कितीतरी अधिक इंडक्टन्स मिळतो.

मेन्स ट्रान्सफॉर्मरही त्यांच्याकडेच दिले: ३००-०-३०० व्होल्ट आणि मध्य टॅप असलेले ६.३ व्होल्टचे ४ अँपिअरचे हीटर वाइंडिंग. पाचही व्हॉल्व्हच्या हीटरांची बेरीज ३ अँपिअरपेक्षा किंचित अधिक होते. प्रायमरीला २३० सोबत २४० व्होल्टचा टॅप आग्रहाने मागितला आहे. आमच्या भागात रात्री दाब २४४ पर्यंत चढतो, आणि २३० च्या टॅपवर तेव्हा हीटरला ६.७ व्होल्ट मिळतील. व्हॉल्व्ह लगेच बिघडणार नाही, पण त्याचे आयुष्य विनाकारण घटेल.

२७ ऑगस्ट २०२३

ट्रान्सफॉर्मर हातात आले. बॉबिनच्या कडेला सातही थर वेगवेगळे मोजता येतात, इतके काम स्वच्छ आहे.

मोजमाप घरच्या साधनांनीच केले. प्रायमरीच्या दोन टोकांना विलगीकरण ट्रान्सफॉर्मरमधून २३० व्होल्ट दिले, सेकंडरी मोकळी ठेवली आणि प्रवाह पाहिला: ९ मिलिअँपिअर. म्हणजे ५० हर्ट्झला सुमारे साडेपंचवीस हजार ओहमची प्रतिक्रिया, आणि त्यावरून साधारण ८१ हेन्री. गणितात ६४ मागितले होते. सेकंडरीवर ७.३ व्होल्ट मिळाले, त्यामुळे गुणोत्तरही ३१.५ येते. दोन अर्ध्यांचे रोध १२१ आणि १२४ ओहम आहेत. सेकंडरी शॉर्ट करून एलसीआर मीटरवर १ किलोहर्ट्झला प्रायमरीचा गळती इंडक्टन्स घेतला, तो २२ मिलिहेन्री आहे. दुसरा नगही या आकड्यांच्या अगदी जवळ आहे. स्टॅबिलायझर गुंडाळणाऱ्या हातांनी हे काम साधले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. ही कारागिरी आपल्या पेठांमध्ये अजून जिवंत आहे, आणि हौशी मंडळींनी परदेशी तयार ट्रान्सफॉर्मर मागवण्याआधी तिच्याकडे जावे.

१० सप्टेंबर २०२३

तापकीर गल्लीतून रोधक, टॅग स्ट्रिप, तारा आणि फ्यूज होल्डर घेतले. पोर्सेलिनचे नऊ पिनांचे सॉकेट आणि ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलिन कॅपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाले. नवे ईएल८४ आणि ईसीसी८३ स्लोव्हाकियातल्या कारखान्याचे आहेत. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने पूर्वी बनवलेले चार न वापरलेले ईएल८४ एका स्नेह्यांनी दिले, ते तुलनेसाठी बाजूला ठेवले आहेत.

१ ऑक्टोबर २०२३

चासीसाठी २ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून घेतला. लोखंडी पत्रा मेन्स ट्रान्सफॉर्मरचे गळके चुंबकीय क्षेत्र वाहून आउटपुट ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचवतो, म्हणून तो टाळला.

भोके पाडण्याआधी दोन ट्रान्सफॉर्मरची परस्पर दिशा ठरवली. पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. मेन्स ट्रान्सफॉर्मरला वीज द्यायची, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन जोडायचा, बाकी काहीही जोडायचे नाही, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर टेबलावर हळूहळू फिरवत ऐकत राहायचे. एका दिशेला ५० हर्ट्झची गुणगुण स्पष्ट येते आणि गाभे काटकोनात आले की ती जवळपास नाहीशी होते. गाभे अगदी ९० अंशांवर असताना नव्हे, तर थोडे सरकवल्यावर सर्वांत कमी आवाज मिळाला. ती जागा पेन्सिलीने आखली आणि तेथेच भोके पाडली. पुढे कोणत्याही कॅपॅसिटरने न जाणारी गुणगुण या टप्प्यावर फुकट घालवता येते.

२२ ऑक्टोबर २०२३

पहिल्या पेटीची जोडणी पूर्ण झाली. हीटरच्या तारा प्रथम घातल्या, घट्ट पीळ देऊन आणि चासीच्या कोपऱ्यात दाबून, आणि त्यांच्यावरून कोणतीही ग्रिडची तार समांतर जाऊ दिली नाही.

मूळ मंडलात ईएफ८६ पेंटोड म्हणून चालतो. त्या काळच्या पिकअप आणि ट्यूनरच्या मानाने ती संवेदनशीलता योग्य होती, पण आजचे डिजिटल स्रोत २ व्होल्ट देतात आणि एवढे वर्धन निव्वळ नॉइज वाढवते. म्हणून ईएफ८६ चा स्क्रीन अ‍ॅनोडला जोडून तो ट्रायोडसारखा वापरला आहे.

ईसीसी८३ च्या सामाईक कॅथोडला (ऋण टोकाला) ६८ किलोओहम आहेत. या रचनेत ज्या अर्ध्याला संकेत थेट मिळत नाही त्याचे वर्धन किंचित कमी पडते. ती उणीव दोन-अडीच टक्क्यांची असते. पहिल्या अ‍ॅनोडला १००.० आणि दुसऱ्याला १०२.५ किलोओहम असे रोधक मीटरवर मोजून निवडले, त्यामुळे दोन्ही ईएल८४ ना सारखा संकेत मिळेल. रोधकांच्या महागड्या जाती शोधण्यापेक्षा साध्या मेटल फिल्ममधून असे मोजून निवडणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

५ नोव्हेंबर २०२३

पहिली वीज. पेटी १०० वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्ये आणि डिमरस्टॅटवर (दाब हळूहळू वाढवण्याच्या साधनावर) ठेवली. प्रथम रेक्टिफायर न घालता केवळ हीटर तपासले, मग ईझेड८१ घातला. भार नसताना उच्च दाब ४२० व्होल्टच्या वर जातो, म्हणून फिल्टर कॅपॅसिटर ४५० व्होल्टचे घेतले आहेत. नेहमीच्या वापरात हा प्रसंग फारसा येत नाही, कारण ईझेड८१ चा कॅथोडही हळूहळूच तापतो आणि तोपर्यंत ईएल८४ प्रवाह घेऊ लागलेले असतात.

सर्व व्हॉल्व्ह घातल्यावरचे दाब: मुख्य पुरवठा ३१२ व्होल्ट, ईएफ८६ चा अ‍ॅनोड ८० व्होल्ट, ईसीसी८३ चा कॅथोड त्याहून सव्वा व्होल्ट वर. ईएल८४ च्या कॅथोडांना प्रत्येकी स्वतंत्र २७० ओहम आहेत आणि त्यांवर १०.९ व ११.२ व्होल्ट आले, म्हणजे साधारण ४०.५ आणि ४१.५ मिलिअँपिअर. त्यातला स्क्रीनचा वाटा वजा केला तर अ‍ॅनोडवर पावणेअकरा ते अकरा वॅट खर्च होतात. मर्यादा १२ वॅटची आहे.

हे वाचून कोणी बांधायला घेणार असेल तर एक गोष्ट जपून करावी. ३०० व्होल्ट एकदिश दाब जीव घेऊ शकतो, आणि वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये तो शिल्लक राहतो. पुरवठ्यावर २२० किलोओहमचा कायमचा ब्लीडर (कॅपॅसिटर रिकामे करणारा रोधक) लावला आहे, तरी बंद केल्यावर दोन मिनिटे थांबून, मीटरने शून्याजवळ आल्याची खात्री करूनच हात आत घालतो. चालू पेटीत मोजताना एक हात खिशात असतो. चासीचे अर्थिंग कोणत्याही कारणासाठी काढायचे नाही.

१९ नोव्हेंबर २०२३

फीडबॅकचा, म्हणजे आउटपुटचा थोडा अंश चुका कमी करण्यासाठी सुरुवातीला परत देण्याचा दिवस, आणि ट्रान्सफॉर्मरची खरी परीक्षा येथेच होते. फीडबॅक सेकंडरीवरून ईएफ८६ च्या कॅथोडला येतो, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर पूर्णपणे त्या वळशाच्या आत आहे. ट्रान्सफॉर्मर वरच्या टोकाला जितका कला-बदल करतो (संकेत जितका मागे पाडतो), तितका अ‍ॅम्प्लिफायर आंदोलनाच्या, म्हणजे संकेत नसतानाही आपोआप तरंग काढू लागण्याच्या, जवळ जातो. सुमार ट्रान्सफॉर्मरवर २० डेसिबल फीडबॅक देणे म्हणजे आंदोलनाला निमंत्रणच.

सेकंडरीचे कोणते टोक घ्यायचे हे आधी मोठ्या रोधकातून जोडून पाहिले. स्कोपवरचा (तरंग दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवरचा) संकेत कमी झाला ते टोक बरोबर, वाढला ते चुकीचे. मग ८.२ किलोओहम घातले. १ किलोहर्ट्झला वर्धन साडेनऊपट घटले, म्हणजे सुमारे साडेएकोणीस डेसिबल.

१० किलोहर्ट्झचा चौकोनी तरंग दिल्यावर कोपऱ्यावर तीन-चार लाटा दिसल्या. ईएफ८६ च्या अ‍ॅनोडवर ४.७ किलोओहम आणि ३३० पिकोफॅरडची जोडी लावली, फीडबॅकच्या रोधकावर समांतर २२० पिकोफॅरड लावले, तेव्हा एकच छोटा उंचवटा उरला. स्पीकरऐवजी नुसता ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर जोडला तरी पेटी स्थिर राहिली. सात थरांच्या गुंडाळणीचा पैसा आज वसूल झाला.

३ डिसेंबर २०२३

स्पीकरजवळ कान नेला तर ऐकू येईल इतकी गुणगुण होती: आउटपुटवर ४ मिलिव्होल्ट, आणि स्कोपवर ती १०० हर्ट्झची. हे महत्त्वाचे, कारण हीटरची गुणगुण ५० हर्ट्झची असते आणि रेक्टिफायरनंतरची १०० ची. पहिल्या फिल्टर कॅपॅसिटरमध्ये दर अर्ध्या आवर्तनाला तीव्र प्रवाहाचा झोत जातो, आणि तो परत येण्याची वाट ग्राउंडच्या सामाईक पट्टीवरून जात होती. कॅपॅसिटरचे ऋण टोक स्वतंत्र जाड तारेने थेट उच्च दाबाच्या मध्य टॅपला नेले आणि तेथून पुढे एकच तार पट्टीला दिली. शिवाय हीटरचा मध्य टॅप ग्राउंडवरून काढून एका ईएल८४ च्या कॅथोडला जोडला, त्यामुळे हीटर ग्राउंडच्या ११ व्होल्ट वर राहतात आणि ईएफ८६ च्या कॅथोडकडे गळती होत नाही. आता ०.८ मिलिव्होल्ट. ऐकण्याच्या जागेवर पूर्ण शांतता आहे.

२४ डिसेंबर २०२३

दुसरी पेटी पहिलीची प्रतिकृती म्हणून पूर्ण. दाब दोन टक्क्यांच्या आत जुळतात.

१४ जानेवारी २०२४

मोजमाप संगणकाच्या साउंड कार्डवर, विभाजक रोधकांमधून. आउटपुटच्या तरंगाची टोके ८.८ व्होल्टला कापली जाऊ लागतात, म्हणजे ९.७ वॅट. १ वॅटला विकृती ०.१२ टक्के, ८ वॅटला ०.६ टक्के. १ वॅटला २० हर्ट्झवर पातळी ०.४ डेसिबल आणि २० किलोहर्ट्झवर ०.७ डेसिबल खाली. १० वॅटसाठी सुमारे सव्वाशे मिलिव्होल्ट लागतात, त्यामुळे आधी आवाजाचे पोटेन्शिओमीटर आवश्यकच आहे.

ऐकण्यासाठी प्रथम तानपुरा लावला. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यात मूळ स्वराच्या मानाने वरचे सूर फार प्रबळ असतात आणि ते सतत एकमेकांत मिसळत राहतात, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर स्वतःचे काही मिसळत असेल तर ते लगेच जाणवते. येथे पंचमाच्या तारेवरची झळाळी आणि षड्जाचे भरलेपण वेगवेगळे ऐकू येत राहिले, आणि त्यावर गायकाचा आवाज आला तेव्हा तानपुरा त्याच्या मागे मलूल झाला नाही. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घसीट हे खालच्या टोकाचे चांगले परीक्षण आहे. सूर खाली उतरताना त्याचा आकार टिकून होता. मोठ्या आवाजात कापले जाण्याच्या जवळ गेल्यावरही स्वर एकदम फाटत नाही, आधी घट्ट होतो. हा गुण व्हॉल्व्हचा मानला जातो. माझ्या मते त्यात बेताच्या फीडबॅकचा आणि अजून संपृक्त न झालेल्या गाभ्याचाही वाटा आहे.

११ फेब्रुवारी २०२४

व्हॉल्व्हची तुलना. डाव्या पेटीत भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईएल८४ घातले, उजवीत स्लोव्हाकियाचे ठेवले, आणि एकच मोनो ध्वनिमुद्रण दोन्हींना दिले. मग पेट्यांची अदलाबदल केली. आउटपुटची कमाल पातळी ०.१ व्होल्टच्या आत जुळते, १ वॅटची विकृती ०.११ आणि ०.१२ टक्के. घरातल्या कोणालाही पडद्याआडून फरक सांगता आला नाही, मलाही नाही.

त्यानंतर स्लोव्हाकियाचेच व्हॉल्व्ह डाव्या पेटीत ठेवून आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलला. जुन्या सार्वजनिक ध्वनिक्षेपकातून काढलेला, थर न विभागलेला, त्याच रोधाचा. तोही पुश-पुलचा, पण टॅप नसलेला, म्हणून या चाचणीपुरते स्क्रीन पुरवठ्याला जोडले आणि न्याय्य तुलनेसाठी आपल्या ट्रान्सफॉर्मरचेही मापन तशाच जोडणीत पुन्हा घेतले. जुन्यावर २० डेसिबल फीडबॅक देताच पेटी ६० किलोहर्ट्झच्या आसपास आंदोलन करू लागली. ती स्थिर ठेवण्यासाठी फीडबॅक ८ डेसिबलपर्यंत उतरवावा लागला, आणि तेव्हा ४० हर्ट्झला ५ वॅटवरची विकृती ४ टक्क्यांपुढे गेली. आपला ट्रान्सफॉर्मर त्याच ८ डेसिबलवर १.३ टक्के देतो. हा फरक पडद्याआडून सर्वांनी ओळखला.

मूळ ट्रान्सफॉर्मर आणि अल्ट्रालिनिअर जोडणी परत बसवली. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह राखीव म्हणून खोक्यात ठेवले. दर सहा महिन्यांनी चारही ईएल८४ चे कॅथोड दाब मोजायचे, आणि एका पेटीतल्या जोडीत १ व्होल्टपेक्षा अधिक तफावत दिसली की जोडी बदलायची, कारण तेवढ्या तफावतीने, म्हणजे सुमारे पावणेचार मिलिअँपिअरने, बिनफटीच्या गाभ्यात एकदिश चुंबकन सुरू होते आणि ८१ हेन्री झपाट्याने घटतात.